तेल पिलेली जमीन: जिवाणूंना खत घालायचं की जिवाणूच आणून टाकायचे?

तेल सांडलेली जमीन जिवाणूंकडून साफ करून घेण्याचे दोन मार्ग आहेत आणि बोलताना त्यांची सर्रास गल्लत होते. बायोस्टिम्युलेशनमध्ये मातीत आधीपासून असलेल्या जिवाणूंना नत्र, स्फुरद, ओलावा आणि हवा पुरवतात. बायोऑगमेंटेशनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेले तेलखाऊ जिवाणू बाहेरून आणून मिसळतात.

पहिला मार्ग दिसायला अगदीच साधा. तेलात कार्बन रग्गड, पण नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. त्यामुळे तेल खाऊ शकणारे जिवाणू मातीत असूनही त्यांची वाढ खुंटते. शिवाय मातीत जे थोडं नत्र असतं तेही तेच ओढून घेतात. अशा जमिनीतली रोपं पिवळी पडतात त्याचं हे एक कारण. (दुसरं म्हणजे, तेलकट माती पाणीच धरत नाही.) १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर तेलाला चिकटून राहणारं खत फवारलं गेलं. तिथल्याच जिवाणूंनी काम केलं. बाहेरून आणलेल्यांच्या चाचण्यांत त्याहून वेगळा फायदा दिसला नाही.

तरी नाव होतं ते दुसऱ्या मार्गाचं. भारतीय वंशाचे अमेरिकी शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी घडवलेल्या तेलखाऊ जिवाणूचं पेटंट १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मंजूरही झालं. तो जिवाणू मात्र तेलगळतीवर कधी वापरलाच गेला नाही. बाहेरच्या पाहुण्याला स्थानिक जिवाणूंशी झगडावं लागतं, त्यात बरेचदा तोच मरतो.

मग तो मार्ग निरुपयोगी का? नाही. तेलशुद्धीकरणातला घट्ट गाळ, जिथे स्थानिक जिवाणू फारच थोडे उरलेत, तिथे बाहेरचे कामी येऊ शकतात. 'टेरी' या दिल्लीतल्या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर हे मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांच्या भुकटीवर बसवलेलं जिवाणूंचं मिश्रण भारतातल्या तेलक्षेत्रांत वापरलं गेलंय. पण त्याच्यासोबतही पोषकद्रव्यं द्यावी लागतात, माती खालीवर करावी लागते. म्हणजे पहिल्या मार्गातली कामं दुसऱ्यातही चुकत नाहीत.

डांबरासारखे जड घटक दोन्ही मार्गांना दाद देत नाहीत. आणि कोणी जिवाणूंची पावडर विकायला आलं तर शेजारीच एक वाफा नुसतं खत, पाणी आणि नांगरटीचा ठेवायला सांगावा. दोन्ही वाफ्यांतलं तेल प्रयोगशाळेत मोजून घ्यावं आणि मगच पैसे द्यावेत.