वजन कमी करताना पाणी किती प्यायचं? आधी किडनीचा हिशोब बघा

वजन कमी करायचं ठरवलं की डाएटच्या तक्त्याबरोबर पाण्याचं एक सूत्रही हमखास हाती पडतं: आपल्या वजनाला 20 ने भागा, येईल तितके लिटर पाणी रोज प्या. म्हणजे 60 किलोच्या माणसाने 3 लिटर आणि 100 किलोच्या माणसाने 5 लिटर. व्हॉट्सअॅपवर फिरणारं हे सूत्र शास्त्रीय वाटतं, पण त्याचा पायाच कच्चा आहे. स्नायूंमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं, तर चरबीच्या ऊतींमध्ये जेमतेम 10 ते 20 टक्के. वाढलेले 40 किलो बहुतांशी चरबीचे असतील, तर त्यांच्यासाठी रोज आणखी 2 लिटर पाणी कशाला लागेल?

‘आठ ग्लास’ हा आकडाही असाच पसरला. 1945 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने अन्नातल्या प्रत्येक कॅलरीमागे 1 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी सुचवलं होतं. यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, हेही तिथेच लिहिलं होतं. ते वाक्य लोक विसरले. 2002 मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या किडनीच्या अभ्यासकाने आठ ग्लासांच्या सल्ल्याला काही शास्त्रीय आधार सापडतो का, हे कसून तपासलं. त्यांना तो सापडला नाही.

मग किती प्यायचं, हे शरीर कसं ठरवतं? इथे मला मनापासून आवडणारी एक यंत्रणा आहे, ती जरा सविस्तर सांगतो.

रक्तातल्या विरघळलेल्या पदार्थांची तीव्रता 275 ते 295 मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांची संख्या मोजायचं एकक) प्रति किलो या अरुंद पट्ट्यात राहावी लागते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ही तीव्रता मोजणाऱ्या पेशी असतात. ती एक-दोन टक्क्यांनी जरी वाढली, तरी या पेशींना कळतं. मग पियुषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि किडनीतल्या संग्राहक नलिकांपर्यंत पोचतं. नलिकांच्या पेशींमध्ये सूक्ष्म पिशव्या तयारच असतात आणि त्यांच्या आवरणात अॅक्वापोरिन-2 नावाची प्रथिनं बसलेली असतात. व्हॅसोप्रेसिनचा निरोप आला की या पिशव्या पेशीच्या नलिकेकडच्या बाजूला जाऊन चिकटतात आणि तिथे पाण्यापुरत्या खिडक्या उघडतात. किडनीचा गाभा रक्ताच्या चौपट तीव्रतेचा असल्यामुळे नलिकेतलं पाणी त्या खिडक्यांतून आत ओढलं जातं आणि रक्तात परत येतं. लघवी कमी आणि गडद होते. अॅक्वापोरिन हा प्रकार पीटर आग्रे यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा खिडकीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, पण हायड्रोजनचा आयन जात नाही!

आता तुम्ही तांब्याभर पाणी प्यायलात. रक्त किंचित पातळ झालं, व्हॅसोप्रेसिन घटलं, खिडक्या पुन्हा पेशीच्या आत ओढल्या गेल्या. दोन-तीन तासांत ते जादा पाणी पाण्यासारखी फिकट लघवी होऊन बाहेर. दिवसाचा टाकाऊ माल साधारण 600 मिलिऑस्मोल धरला, तर किडनी तो अर्ध्या लिटरमध्ये बाहेर काढू शकते आणि 10 लिटरमध्येही. गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्या पाण्याने ‘विषारी द्रव्यं’ जास्त धुतली जात नाहीत, तीच द्रव्यं जास्त पाण्यात जातात. डिटॉक्स वॉटरच्या नावाने काकडी-पुदिन्याच्या बाटल्या विकणाऱ्यांनी ग्राहकाला हे सांगायला हवं.

डाएट सुरू केल्यावर मात्र हिशोब थोडा बदलतो. भात आणि आमटी बंद केली की त्यांच्यातलं पाणीही जातं. शिजवलेल्या भातात दोन तृतीयांश पाणी असतं, पोळीत जेमतेम एक तृतीयांश. शिवाय प्रथिनं वाढवली की युरिया, म्हणजे त्यांच्यातून उरणारा टाकाऊ माल, वाढतो. रोज 40 ग्रॅम जादा प्रथिनं म्हणजे सुमारे 230 मिलिऑस्मोलची भर. ती बाहेर टाकायला आणखी पाव ते अर्धा लिटर पाणी लागतं. पहिल्या आठवड्यात वजनकाटा जो झरझर उतरतो, तोही बराचसा पाण्याचाच खेळ आहे. यकृत आणि स्नायूंमधल्या ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठलेलं असतं. ग्लायकोजेन वापरलं गेलं की ते पाणी सुटतं आणि सोडियमही काही प्रमाणात निघून जातं. त्या दिवसांत डोकं दुखतं किंवा गरगरतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तेव्हा नुसत्या पाण्यापेक्षा चिमूटभर मीठ घातलेलं पातळ ताक बरं.

पाण्याने चरबी वितळते का? नाही. गार असो, कोमट असो, लिंबू पिळलेलं असो. मध घातलात तर चमचाभर साखरेच्याच कॅलरी पोटात जातात. फ्रिजमधलं अर्धा लिटर पाणी शरीराच्या तापमानाला आणायला जेमतेम 16 किलोकॅलरी लागतात, म्हणजे पोळीचा एखादा घास. अर्धा लिटर पाण्याने चयापचय 30 टक्क्यांनी वाढतो, असं बर्लिनच्या संशोधकांनी 2003 मध्ये मांडलं होतं. नंतर दुसऱ्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा तशी वाढ दिसली नाही.

एक उपाय मात्र प्रयोगात थोडा टिकला आहे: जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 12 आठवड्यांच्या अभ्यासात, असं पाणी पिणाऱ्या मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांचं वजन, तोच कमी कॅलरींचा आहार घेणाऱ्या इतरांपेक्षा सुमारे 2 किलोने जास्त घटलं. पोट आधीच थोडं भरतं, म्हणून घास कमी जातात. सरबत किंवा कोल्ड्रिंकच्या जागी पाणी प्यायलात, तर फायदा आणखी मोठा.

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2010 मध्ये बायकांसाठी 2 आणि पुरुषांसाठी अडीच लिटर एकूण पाणी पुरेसं मानलं, अन्नातलं धरून. म्हणजे चहा-ताकासकट दीड ते दोन लिटर प्यायलं की आपल्याकडच्या बेताच्या हवेत बहुतेकांचं भागतं. डाएटवर असाल तर त्यात एक-दोन ग्लास वाढवा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात काम करणाऱ्यांना हा आकडा अपुरा पडेल. तिथे घामाप्रमाणे वाढवायलाच हवं. तहान लागेल तेव्हा प्या, लघवी फिकट पिवळी असली की समजा ठीक चाललं आहे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर रंगावर जाऊ नका, लघवी गडद पिवळीच दिसते.

किडनी तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून भराभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम 135 मिलिमोल प्रति लिटरच्या खाली घसरू शकतं, मेंदूच्या पेशी फुगतात आणि जीवावर बेततं. रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी घेणाऱ्यांनी इथे जास्त जपावं, कारण त्या गोळीमुळे पातळ लघवी करण्याची किडनीची ताकद कमी होते. हृदय किंवा किडनीचा आजार असेल, तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.