‘सी’च्या आधीचे ए आणि बी

हार्डवेअरच्या वर्गात दर बॅचला एक तरी पोरगं हा प्रश्न विचारतंच: सर, पहिल्या डिस्कचं नाव ‘सी’ का? ए आणि बी कुणी पळवले? उत्तरासाठी थेट १२ ऑगस्ट १९८१ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या दिवशी आयबीएमनं ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, मॉडेल क्रमांक ५१५०. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. होते ते सव्वापाच इंची फ्लॉपीचे एक किंवा दोन ड्राइव्ह, आणि एका फ्लॉपीवर मावायचे १६० केबी. आज फोनवर काढलेला तीन-साडेतीन एमबीचा एक फोटो ठेवायचा तर विसेक फ्लॉप्या लागल्या असत्या. ‘ए’मध्ये डॉसची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची, फ्लॉपी घालायची, ‘बी’मध्ये आपल्या कामाची. ज्याच्याकडे एकच ड्राइव्ह असायचा त्याची गंमत और. डॉस त्याच एका ड्राइव्हला आळीपाळीनं ए आणि बी म्हणायचा, आणि मधे मधे थांबून ‘आता बीची फ्लॉपी घाला’ असा हुकूम सोडायचा. एक फाइल कॉपी करताना माणूस काढ-घाल करून जेरीला यायचा.

१९८३ साली पीसी एक्सटी आला आणि त्याच्यासोबत १० एमबीची हार्ड डिस्क. दोन अक्षरं आधीच गेलेली, म्हणून तिच्या वाट्याला तिसरं आलं. अक्षरांची ही रीत मुळात डॉसचीही नव्हे. ती गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या त्याआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून उचललेली. पुढे फ्लॉपी गेली, २०११ मध्ये सोनीनं जपानातली विक्रीही थांबवली, पण ए आणि बी रिकामेच राहिले. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पेन ड्राइव्हला ‘ए’ हे अक्षर देता येतं. देऊन बघा, उगाचच चुकल्यासारखं वाटतं.

त्याच काळातली आणखी एक खूण घरबसल्या पाहता येते. डेस्कटॉपवर नवं फोल्डर करा आणि त्याला ‘कॉन’ हे नाव द्या, इंग्रजी लिपीत, सी-ओ-एन. विंडोज नाही म्हणेल. यावर आपल्याकडे एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरत होता: बिल गेट्सना शाळेत या नावानं चिडवायचे, म्हणून त्यांनी ते नाव कायमचं बंद करून टाकलं. साफ थाप. ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. फाइलला जसं नाव असतं तसंच यंत्रालाही असायचं: प्रिंटर म्हणजे ‘एलपीटी१’, सीरियल पोर्ट म्हणजे ‘कॉम१’. फाइल छापायची तर ती ‘एलपीटी१’ या नावावर कॉपी करायची, की झालं. १९८३च्या डॉस २ मध्ये फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली.

आता कॅबिनेटकडे वळू. आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात आणि ती सवय मी मोडायच्या फंदात पडत नाही. सीडी ड्राइव्ह ज्या खणात बसतो, त्याची रुंदी पाहा. तो खण सीडीसाठी नव्हता. फ्लॉपीचा जन्म १९७१ मध्ये आयबीएममध्ये झाला, आठ इंची, आणि तिचं काम होतं मेनफ्रेमला, म्हणजे कंपन्यांच्या अवाढव्य संगणकाला, चालू होताना लागणाऱ्या सूचना भरून देणं. त्या खात्यात काम केलेले अ‍ॅलन शुगार्ट पुढे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. वँग लॅबोरेटरीज या कंपनीला टेबलावर मावणारा वर्ड प्रोसेसर करायचा होता आणि आठ इंची ड्राइव्ह त्यासाठी अंगाबाहेरचा होता. त्या मागणीतून १९७६ साली शुगार्टच्या कंपनीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह आला. मग शुगार्ट यांच्याच पुढच्या कंपनीनं, म्हणजे सीगेटनं, १९८० मध्ये ५ एमबीची एसटी-५०६ हार्ड डिस्क केली, ती याच खणात बसेल अशा मापाची. सीडी आली, तीही तिथंच शिरली. डीव्हीडी तिच्या मागोमाग. म्हणजे एका वर्ड प्रोसेसरसाठी कापलेलं माप पुढची चाळीस वर्षं पत्र्यात कापलं जात राहिलं.

वँग हे नाव इथंच संपत नाही. १९७० साली सेंट्रॉनिक्स या कंपनीनं डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काढला. ही कंपनी वँगच्याच पोटातून निघालेली. प्रिंटर जोडायला काहीतरी जोडणी हवी होती, आणि वँगच्या गोदामात जुन्या कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले ३६ पिनांचे सुमारे २० हजार कनेक्टर पडून होते. तेच लावले. प्रिंटरच्या मागचा तो रुंद, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या असलेला सॉकेट जगभर पसरला तो या उरलेल्या मालापायी. आयबीएमनं संगणकाच्या बाजूला मात्र २५ भोकांचा कनेक्टर निवडला, कारण ३६ पिनांचं ते धूड कार्डाच्या अरुंद पट्टीत मावणारं नव्हतं. म्हणून प्रिंटरच्या या पॅरलल केबलची दोन टोकं कधीच सारखी नसायची.

या पोर्टची मराठी माणसाला आणखी एक आठवण असते: डाँगल. नव्वदच्या दशकात लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याकडे जा, संगणकाच्या पाठीशी काड्यापेटीएवढा एक ठोकळा खोचलेला आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची केबल. तो ठोकळा म्हणजे फॉण्टच्या सॉफ्टवेअरची किल्ली. तो निघाला की मराठी अक्षरं बंद. झाडलोट करताना कुणी टेबल सरकवलं की पहिला जीव डाँगलमध्ये अडकायचा.

सीरियल पोर्ट याहून जुना. आरएस-२३२ हे त्याचं मानक १९६० चं, म्हणजे पीसीपेक्षा एकवीस वर्षांनी मोठं. टेलिप्रिंटर आणि मोडेम यांना बोलतं करण्यासाठी ते ठरवलं गेलं. पॅरललमध्ये आठ बिट आठ तारांवरून एकदम जातात, इथं एकाच तारेवरून एकामागोमाग एक. पीसीवर आधी यालाही २५ पिना होत्या. १९८४ च्या पीसी एटीमध्ये त्या ९ झाल्या, कारण बाकीच्यांचा उपयोग फारसा कुणी करतच नव्हतं.

हे सगळे पोर्ट आज मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावरच असतात, तसं तेव्हा नव्हतं. बोर्डावर जवळपास फक्त कीबोर्डचं गोल भोक असायचं. बाकी पडद्याचं कार्ड वेगळं, प्रिंटरचं वेगळं, सगळी स्लॉटमध्ये खोचलेली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड याच स्लॉटमध्ये बसायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून ते घडलं आणि त्याच्या जोरावर डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. मराठी अक्षर हवं तर लोखंडी पट्टीसकट एक कार्ड विकत घ्यायचं, असा तो काळ. १९९५ मध्ये इंटेलनं मदरबोर्डचा एटीएक्स हा आराखडा आणला, सगळे पोर्ट बोर्डाच्या एका कडेला एकावर एक रचले आणि कॅबिनेटच्या मागे एक चौकोनी खिडकी कापली. ती खिडकी आजही तशीच आहे.

मधे १९८७ साली आयबीएमनं पीएस/२ नावाचे संगणक काढले. बाजार परत मुठीत घ्यायचा तो डाव होता आणि तो फसला. पण मशीन पडलं तरी त्याच्या पिना जगल्या. कीबोर्ड-माउसचा छोटा गोल कनेक्टर, पडद्याचा १५ पिनांचा व्हीजीए आणि १.४४ एमबीची साडेतीन इंची फ्लॉपी, तिन्ही गोष्टी याच घरच्या. कीबोर्ड आणि माउस यांची भोकं मात्र आयबीएमनं हुबेहूब एक केली. एकाचं दुसऱ्यात बसायचं, पण चालायचं नाही. अंधारात, टेबलाखाली ओणवं होऊन, बोटानं चाचपत पिन बसवणाऱ्यानं या निर्णयाला काय काय वाहिलं असेल ते छापण्याजोगं नाही. जोर लावला की पिन वाकायची, मग ती सुईनं सरळ करायची. हे मी इतक्यांदा केलंय की वाकलेली पिन आता नुसत्या स्पर्शानं कळते.

यावर रंगांचा तोडगा निघायला दहा-बारा वर्षं गेली. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेनं प्रत्येक भोकाला रंग दिला: कीबोर्ड जांभळा, माउस हिरवा, व्हीजीए निळा, पॅरलल डाळिंबी, सीरियल मोरपंखी, स्पीकर पोपटी, माइक गुलाबी. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं तेव्हा खेडोपाडी संगणक पोचत होते ते हेच रंगीत पाठीचे. इंग्रजी न वाचता माणूस केबल लावू शकायचा.

आणि मग यूएसबी. अजय भट्ट यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. गायकवाडांच्या या शहरात अजूनही मराठी ऐकू येतं, त्यामुळे यूएसबी अगदीच परक्या घरची नाही. भट्ट इंटेलमध्ये होते. घरात प्रिंटर जोडताना होणारी दमछाक त्यांनी पाहिली होती, आणि संगणक भिंतीतल्या विजेच्या प्लगइतका सोपा का असू नये, असं त्यांना वाटत होतं. सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिलं मानक जाहीर झालं. वेग सेकंदाला दीड आणि बारा मेगाबिट. आधी कुणी फारसं विचारलं नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ला यूएसबीनं स्कॅनर जोडून दाखवायला गेले, आणि भर सभेत विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा आला. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या आयमॅकनं फ्लॉपी आणि जुने पोर्ट काढून टाकून यूएसबी लावली, तेव्हा कुठे केबल बनवणाऱ्यांना जाग आली. २००० मध्ये यूएसबी २.० आली, ४८० मेगाबिटची. त्याच सुमारास पहिले पेन ड्राइव्ह आले, ८ एमबीचे, आणि फ्लॉपीचे दिवस भरले.

यूएसबीची पिन उलटीच लागते, फिरवली तरी लागत नाही, पुन्हा पहिल्यासारखी धरली की लागते, याचा दोष भट्ट यांना सगळे देतात. त्यांनी त्याचं कारण सांगितलेलं आहे. दोन्हीकडून बसणारी पिन म्हणजे दुप्पट तारा आणि जास्तीचं सर्किट, आणि किंमत वाढली असती तर कंपन्यांनी ती घेतलीच नसती. मला हे पटतं. दोन्ही बाजूंनी लागणारी टाइप-सी २०१४ मध्ये आली, पण तोवर यूएसबीला कुणाची मनधरणी करायची गरज उरली नव्हती.

डब्याच्या आतही हाच बदल झाला. १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी हार्ड डिस्कचं नियंत्रण करणारं सर्किट कार्डावरून उचलून डिस्कवरच बसवलं. ही आयडीई. चाळीस तारांचा करडा पट्टा, एका पट्ट्याला दोन डिस्क, आणि मालक कोण नि नोकर कोण हे ठरवायला तांदळाच्या दाण्याएवढा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी. जंपर चुकला की दोन्ही डिस्क गायब. वेग वाढवायला गेले तेव्हा पट्टा आड आला. चाळीस माणसं हात धरून एका ओळीत चालू शकतात, पळायला सांगितलं की ओळ मोडते. विजेचंही तसंच: कुठल्या तारेवरचा बिट आधी पोचतो, कुठला मागून, शिवाय शेजारच्या तारेची कुजबुज ऐकू येते. कुजबुज थांबवायला मधे आणखी चाळीस तारा घालून पट्टा ऐंशीचा केला. शेवटी २००३ मध्ये साटा ही नवी जोडणी आली, सात पिनांची, बिट एकामागोमाग एक पाठवणारी. ‘साटा’मधलं ‘एटी’ म्हणजे तोच १९८४ चा पीसी एटी. आताच्या एम.२ डिस्कला तर केबलही नाही, बोर्डावर च्युइंग गमच्या पट्टीसारखी आडवी पडते. विंडोज तिलाही सी म्हणते.

मोरपंखी सीरियल पोर्ट मात्र गेला असं समजू नका. गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारं यंत्र आणि वजनकाटा संगणकाला जोडलेले असतात. अनेक ठिकाणी ती केबल नऊ पिनांची असते, १९६० च्या मानकाची. नव्या संगणकाला मागे तसं भोक नसतं, म्हणून मधे यूएसबीचा एक छोटा कन्व्हर्टर लावतात. तो लावला की विंडोजमध्ये ‘कॉम३’ किंवा ‘कॉम४’ उगवतं. आणि केंद्रावरचा पोरगा फोन करून विचारतो, सर, काल कॉम३ होतं, आज दुसऱ्या भोकात लावलं तर कॉम५ दाखवतंय, काटा वजन देत नाहीये, गवळी रांगेत उभे आहेत, काय करू?