मुलं, हवामान बदल आणि उशिरा येणारे नियम

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये एक दस्तऐवज जाहीर केला. ‘सामान्य टिप्पणी क्रमांक २६’ हे त्याचं नाव रुक्ष असलं, तरी आत लिहिलेलं थेट आहे. स्वच्छ आणि निरोगी पर्यावरण हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे आणि हवामान बदलाच्या झळांपासून मुलांना वाचवणं हे सरकारांचं कर्तव्य आहे. पर्यावरणाशी संबंधित निर्णय घेण्याआधी त्याचा मुलांवर काय परिणाम होईल हे तपासावं, कोळसा, तेल आणि वायूचा वापर न्याय्य रीतीने संपवत न्यावा, असं समितीने सरकारांना बजावलं. मसुदा तयार होत असताना १२१ देशांतल्या मुलांकडून १६,३३१ सूचना आल्या होत्या.

ज्या बालहक्क कराराचा अर्थ या टिप्पणीत उलगडला आहे, तो करार १९८९ चा. म्हणजे एवढं स्पष्ट लिहायला ३४ वर्षं लागली. हा उशीर एकट्या हवामान बदलाच्या वाट्याला आलेला नाही. मुलं आणि पर्यावरणाचे धोके यांचा इतिहास पाहिला की तोच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: आधी मुलं आजारी पडतात, मग एखादा डॉक्टर कारण सांगतो आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी नियम येतो. धोका मोजायचं माप या सगळ्या काळात मोठ्या माणसाच्या शरीराचंच राहिलं.

काजळी आणि कठडे

लंडनमधले शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. भोवतालच्या एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होतो हे दाखवणारी ही पहिली मोठी नोंद मानली जाते. धुराडी अरुंद असत, म्हणून त्यांत लहान पोरांना चढवलं जाई. काजळी अंगात मुरायची बालपणी आणि रोग वर यायचा पुढे, मोठेपणी. १७८८ मध्ये ब्रिटनने आठ वर्षांखालच्या मुलांना या कामाला लावू नये असा कायदा केला, पण तो कागदावरच राहिला. ही प्रथा मोडली ती १८७५ च्या कायद्यानंतर. पॉट यांच्या नोंदीला तोवर शंभर वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. क्वीन्सलँडमधल्या ब्रिस्बेनमध्ये १८९० च्या दशकात मुलांच्या रुग्णालयात विचित्र आजार दिसू लागले. पोटात कळा, हातापायांतली ताकद जाणं, काहींची दृष्टी अधू होणं. ही शिशाची विषबाधा आहे हे डॉक्टर जेफरिस टर्नर यांनी ओळखलं, पण शिसं येतंय कुठून ते कळत नव्हतं. तिथली घरं लाकडी, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्याला रंगवलेला कठडा. नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये त्या कठड्याकडे बोट दाखवलं. कडक उन्हात शिशाच्या रंगाची पूड होते. मुलं कठडा धरून उभी राहतात, त्याला लोंबकळतात, तेच हात तोंडात घालतात, नखं कुरतडतात. मोठी माणसं त्याच घरात राहत होती आणि त्यांना काही होत नव्हतं, म्हणून कोणाला संशयही आला नव्हता. मुलांचा हात पोचेल तिथे शिशाचा रंग लावायला बंदी घालणारा कायदा क्वीन्सलँडने १९२२ मध्ये केला. तरीही जगाच्या मानाने हे फार लवकर झालं. अमेरिकेने घरगुती वापरासाठी अशा रंगावर बंदी घातली ती १९७८ मध्ये.

दरम्यान शिसं पेट्रोलमध्येही शिरलं होतं. इंजिनाची ठकठक थांबावी म्हणून १९२३ पासून अमेरिकेत शिसंमिश्रित पेट्रोल विकलं जाऊ लागलं आणि ते जगभर पसरलं. आता शिसं थेट श्वासातून जात होतं. त्याचं मोजमाप करायला अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी एक साधा मार्ग शोधला. मॅसॅच्युसेट्समधल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. ही मुलं आजारी नव्हती, शाळेत नेमाने जात होती. तरीही ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचे बुद्धिमापन चाचणीतले गुण कमी आणि वर्गात लक्षही कमी, असं त्यांच्या १९७९ च्या अभ्यासात दिसलं. विषबाधेची लक्षणं दिसेपर्यंत मूल सुरक्षित आहे, ही समजूत या अभ्यासाने मोडली. नीडलमन यांच्यावर पुढे संशोधनात गैरप्रकार केल्याचे आरोप झाले, चौकश्या झाल्या आणि त्यांतून ते निर्दोष सुटले.

अमेरिकेत मुलांच्या रक्तातलं किती शिसं चिंतेचं मानायचं, याचे आकडे ओळीने वाचण्यासारखे आहेत. १९६० च्या दशकात एका डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की शिशाची सुरक्षित पातळी अशी ठाऊकच नाही. एका पिढीला ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलेली मुलं पुढच्या पिढीच्या नियमाने विषबाधित ठरली असती. वाहनांच्या पेट्रोलमधून शिसं पूर्णपणे गेलं ते २०२१ मध्ये, अल्जीरियाने शेवटचा साठा संपवल्यावर. रंग, बॅटऱ्यांची भट्टी, मसाल्यांतली भेसळ, भांडी या वाटा मात्र अजून उघड्या आहेत. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीनपैकी एका मुलाच्या, म्हणजे जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाची पातळी ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे.

नाळेत साठलेला पुरावा

जपानमधल्या मिनामाटा शहरात १९५६ मध्ये ज्या रुग्णांमुळे एक अज्ञात आजार उघडकीला आला, त्या दोन लहान बहिणी होत्या. चालता येईना, बोलता येईना, झटके येऊ लागले. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा माशांत आणि माशांतून माणसांत पोचला होता. पण जन्मतःच अपंग असलेली बाळं या आजाराची आहेत हे मानायला तज्ज्ञ तयार नव्हते. त्यांनी मासे खाल्लेलेच नव्हते आणि अनेकांच्या आयांमध्ये फारशी लक्षणं नव्हती. गर्भाशयात बाळाला पोसणारी वार त्याला विषापासून वाचवते, असं तेव्हाचं वैद्यकशास्त्र सांगत होतं. प्रत्यक्षात पारा वारेतून बाळाकडे जात होता. १९६२ मध्ये जन्मजात मिनामाटा आजार मान्य झाला. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ छोट्या पेटीत जपून ठेवण्याची रीत आहे. पुढे संशोधकांनी घराघरांतून त्या नाळा मिळवून त्यांतला पारा मोजला आणि कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळांपर्यंत किती विष पोचलं याचा हिशेब लागला. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार याच शहराच्या नावाने २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये लागू झाला.

इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी आधी मुलंच का सापडतात, याचं उत्तर शरीरात आहे. वजनाच्या प्रमाणात मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतं, जास्त पाणी पितं, जास्त खातं. गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार ते पाचपट शिसं त्याच्या अंगात शोषलं जाऊ शकतं. फुप्फुसातले बहुतेक वायुकोश जन्मानंतर तयार होतात, मेंदूची घडण चालू असते. मूल जमिनीच्या जवळ वावरतं, रांगतं, सगळं तोंडात घालतं. तान्ह्या बाळाला उकडतंय म्हणून सावलीत सरकताही येत नाही. आणि पुढचं आयुष्य लांब असल्यामुळे आज शरीरात गेलेल्या गोष्टीला रोग घडवायला पुष्कळ वर्षं मिळतात.

हे सगळं कायद्यात शिरलं ते १९९० च्या दशकात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९९३ मध्ये फिलिप लँड्रिगन यांच्या अध्यक्षतेखाली बाळांच्या आणि मुलांच्या आहारातल्या कीटकनाशकांवर अहवाल दिला. त्यावरून १९९६ मध्ये कायदा झाला: मुलांसाठी सुरक्षित मर्यादा ठरवताना दहापट जादा खबरदारी घ्यावी, वेगळा भक्कम पुरावा असेल तरच ती कमी करावी. मला या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वळण वाटतं. पुरावा अपुरा असेल तर शंकेचा फायदा मुलाला मिळेल, असं इथे कायद्याने म्हटलं.

हवेच्या बाबतीत एक आशादायक अभ्यास आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो मुलांच्या फुप्फुसांची क्षमता वर्षानुवर्षं मोजली गेली. १९९० च्या दशकातल्या गटात वयाच्या पंधराव्या वर्षी ७.९ टक्के मुलांची क्षमता लक्षणीय कमी होती. मधल्या काळात वाहनं आणि इंधनावरचे नियम कडक झाले, हवा सुधारली, आणि २०११ पर्यंत मोजलेल्या गटात हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. शहरं तीच, रस्ते तेच, गाड्या तर वाढलेल्याच. नियमांनी मुलांची फुप्फुसं वाढतात, याहून थेट पुरावा मिळणं कठीण.

करारातून न्यायालयात

१९८९ च्या बालहक्क कराराच्या अनुच्छेद २४ मध्ये मुलांच्या आरोग्याचा विचार करताना पर्यावरण प्रदूषणाचे धोके ध्यानात घ्यावेत असं म्हटलं आहे. हवामानाचा उल्लेख त्यात नाही. १९९२ च्या हवामान करारात ‘वर्तमान आणि भावी पिढ्या’ आल्या, पण आज जिवंत असलेलं मूल आणि भावी पिढी एकच नव्हे. भावी पिढीच्या नावाने निर्णय पुढे ढकलता येतो. आज दम्याने धापा टाकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती सवड नसते.

फिलिपिन्समध्ये ही फट पहिल्यांदा बुजवली गेली. जंगलतोडीचे परवाने रद्द व्हावेत म्हणून मुलांच्या नावाने दाखल झालेल्या ओपोसा खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं, की ही मुलं स्वतःसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठीही दाद मागू शकतात. त्यानंतर बराच काळ शांतता होती. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत मुलांच्या हक्कांचा उल्लेख आला, तोही एका लांबलचक यादीतला एक शब्द म्हणून.

मग मुलं स्वतःच पुढे आली. सप्टेंबर २०१९ मध्ये १६ मुलांनी बालहक्क समितीकडे अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्याविरुद्ध हवामान बदलाबाबत तक्रार केली. त्यांत स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग होती आणि भारतातली रिधिमा पांडेही. आधी आपापल्या देशातल्या न्यायालयांत जायला हवं होतं, असं सांगून समितीने २०२१ मध्ये तक्रार फेटाळली. पण एक मुद्दा मान्य केला: देशाच्या हद्दीतून निघालेल्या कार्बनमुळे हद्दीबाहेरच्या मुलांचं नुकसान झालं, तर त्याची जबाबदारी त्या देशावर येऊ शकते. त्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तिथल्या हवामान कायद्यातल्या काही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कारण त्या उत्सर्जन कपातीचा भार पुढच्या काळावर ढकलत होत्या. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १६ मुला-तरुणांनी २०२३ मध्ये राज्य सरकारविरुद्धचा हवामानाचा खटला जिंकला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली मोहीम तर थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेली. हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी असल्याचं मत त्या न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एकमताने दिलं.

आज काय चित्र आहे

मुलांना हवामान बदलाचा किती धोका आहे हे मोजणाऱ्या, युनिसेफने २०२१ मध्ये काढलेल्या निर्देशांकानुसार जगातली सुमारे १०० कोटी मुलं अत्यंत जास्त धोक्याच्या ३३ देशांत राहतात. त्या ३३ देशांचा कार्बन उत्सर्जनातला एकत्रित वाटा अवघा ९ टक्के आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या त्याच वर्षीच्या अभ्यासाने हिशेब पिढीनुसार मांडला: तेव्हाच्या सरकारी आश्वासनांप्रमाणेच जग चाललं, तर २०२० मध्ये जन्मलेलं मूल १९६० मध्ये जन्मलेल्या माणसापेक्षा आयुष्यात सुमारे सातपट उष्णतेच्या लाटा सोसेल.

संरक्षण जमतं याचाही पुरावा आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात आताच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली आणि मृतांमध्ये लहान मुलांचं प्रमाण फार मोठं होतं, कारण लाटेत झाडाला धरून राहण्याचं बळ त्यांच्या हातांत नव्हतं. १९७२ पासून तिथे स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, इशारा गावागावांत पोचू लागला, किनाऱ्यावर उंच खांबांवर निवारे बांधले गेले. त्यांतले बरेच एरवी शाळा म्हणून वापरले जातात. २००७ च्या सिडर वादळात मृत्यूंची संख्या काही हजारांवर आली.

उष्णतेसाठी अशी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याच बांगलादेशात उन्हामुळे देशभरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या एका वर्षात हवामानाच्या आपत्तींमुळे ८५ देशांतल्या किमान २४.२ कोटी विद्यार्थ्यांचं शिक्षण खंडित झालं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा उष्णतेच्या लाटांचा होता, असं युनिसेफ सांगते. छताला उष्णता परतवणारा रंग, वर्गात वारा खेळेल अशी रचना, सावली, पिण्याचं पाणी, परीक्षा आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक बदलणं हे उपाय माहीत आहेत आणि बहुतेक स्वस्तही आहेत. अडतं ते पैशाशी. प्रमुख जागतिक हवामान निधींतली जेमतेम २.४ टक्के रक्कम मुलांच्या गरजा लक्षात घेणाऱ्या प्रकल्पांना मिळाल्याचं २०२३ च्या एका पाहणीत आढळलं.