उभयलिंगी, उभयलैंगिक, बाय: एका ओळखीची पार्श्वभूमी

जास्वंदीचं फूल उभयलिंगी असतं, हे आपण शाळेत शिकतो: पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. गांडूळही उभयलिंगी. पुढे स्त्री आणि पुरुष दोघांचीही ओढ वाटणाऱ्या माणसांना मराठीत हाच शब्द चिकटला आणि घोटाळा झाला. कुणी धीर करून घरी सांगितलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की याच्या शरीरातच काही वेगळं आहे. म्हणून आता बरेच जण ‘उभयलैंगिक’ किंवा ‘द्विलैंगिक’ लिहितात. बोलताना मात्र सरळ ‘बाय’.

इंग्रजीतही हीच गत होती. ‘बायसेक्शुअल’ हा शब्द आधी वनस्पती आणि प्राण्यांसाठी होता. मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांच्या जर्मन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८९२मध्ये निघाला, त्यात तो माणसाच्या ओढीसाठी वापरलेला सापडतो. अमेरिकेतले आल्फ्रेड किन्सी मूळचे कीटकशास्त्रज्ञ. त्यांना हा शब्द याच कारणाने खटकत असे: जीवशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा, तो इथे कशाला? १९४८मध्ये पुरुषांच्या आणि १९५३मध्ये स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावरच्या अहवालात त्यांनी ० ते ६ अशी पट्टी मांडली. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, आणि मधल्या आकड्यांवरही पुष्कळ माणसं. मला त्यांचं हे काम फार मोलाचं वाटतं, कारण मधल्या माणसांना त्यांनी चूक किंवा तात्पुरता टप्पा न मानता नोंदलं. १९७८मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यांनी त्यात काळाची भर घातली. ओढ, वर्तन, कल्पना, भावनिक जवळीक अशा सात गोष्टी, आणि प्रत्येकीचा भूतकाळ, वर्तमान आणि मनातलं चित्र वेगळं विचारायचं.

मग एड्स आला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बाय पुरुषांकडे रोग घरात आणणारे म्हणून बोट दाखवलं गेलं. आपल्याकडच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, असा गट केला गेला. आरोग्यसेवा पोहोचवायला तो उपयोगीच होता, पण त्यात कृती मोजली जाते. घरी बायको असलेला आणि तिच्यावर मनापासून प्रेम करणारा पुरुष त्या रकान्यात वेगळा दिसत नाही. बाय स्त्रियांना तर तिथे जागाच नव्हती.

१९९८मध्ये अमेरिकेतले कार्यकर्ते मायकेल पेज यांनी बाय लोकांसाठी गुलाबी, जांभळा आणि निळा असा ध्वज केला. मधला जांभळा दोन्ही रंगांत नकळत मिसळतो, तशी ही माणसंही दोन्हीकडे मिसळून दिसेनाशी होतात, असा त्यामागचा विचार. पुढच्या वर्षापासून २३ सप्टेंबर हा बाय लोकांचा दिवस झाला.

दिसेनासं होणं हा रोजचा अनुभव आहे. ‘ठरव एकदाचं’ हे समलिंगी मित्रही म्हणतात. घरच्यांचा सूर निराळा असतो: ‘मुलीही आवडतात ना? मग स्थळं बघायला काय हरकत?’ दोन्ही ओढींबद्दल ऐकून त्यातलं सोयीचं तेवढं उचललं जातं. प्यू संशोधन केंद्राच्या २०१३च्या अमेरिकी पाहणीत, आपल्या सगळ्या किंवा बहुतेक महत्त्वाच्या माणसांना ही गोष्ट ठाऊक आहे, असं २८ टक्के बाय व्यक्तींनी सांगितलं. समलिंगी पुरुषांत हे प्रमाण ७७ टक्के आणि समलिंगी स्त्रियांत ७१ टक्के होतं.

भारतात १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ ‘निसर्गाविरुद्ध’ मानलेल्या शरीरसंबंधांच्या कृतीला शिक्षा करत होतं. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ला मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. एखाद्या बाय मुलीने मुलगा निवडला, तर विवाह नोंदणी कार्यालयात तिला तारीख मिळते. तिनेच मुलगी निवडली, तर वारसा, विमा, रुग्णालयातली सही, या सगळ्यासाठी तिला वेगवेगळी कागदपत्रं जमवत बसावं लागतं.