अल्पकर्बोदक आहार आणि हृदयाचे आरोग्य

दिवसभरातील कर्बोदके, म्हणजे अन्नातील साखर व पिष्ट, साधारणपणे 130 ग्रॅमच्या खाली ठेवणाऱ्या आहारपद्धतीस अल्पकर्बोदक आहार म्हणतात. कीटो आहार हा त्याचा कडक प्रकार असून त्यात हे प्रमाण 20 ते 50 ग्रॅमपर्यंत उतरते. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी 1863 मध्ये काढलेल्या पत्रकामुळे ही पद्धत प्रथम गाजली आणि अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या 1972 मधील पुस्तकानंतर ती घरोघरी पोहोचली. हृदयावरील तिच्या परिणामाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही, आणि त्याचे मुख्य कारण असे की, काय वगळले याचीच चर्चा फार होते, त्याच्या जागी ताटात काय आले हे कमी पाहिले जाते.

गरजेपेक्षा जास्त साखर व पिष्ट खाल्ले गेले की यकृत त्याचा काही भाग मेदात बदलते आणि तो ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते. कर्बोदके घटवल्यावर ही प्रक्रिया मंदावते, ट्रायग्लिसराइड उतरतात व एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, बहुधा थोडे वाढते. पोटाचा घेर, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल हे त्रिकूट भारतीयांत सर्रास आढळत असल्याने हा लाभ आपल्याकडे विशेष मोलाचा आहे.

खरा पेच एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आहे. धमन्यांच्या भित्तींत चरबीचे थर साचण्यास हेच कण कारणीभूत ठरतात. भाताची जागा लोणी, तूप, पनीर व मटणाने घेतली तर संपृक्त मेदामुळे एलडीएल वाढू शकते. कीटो आहार घेणाऱ्या काही सडपातळ व्यक्तींत तर ते फारच चढते, मग वजन आणि साखर कितीही आटोक्यात असो.

इस्राएलमध्ये 322 जणांवर दोन वर्षे चाललेल्या व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्पकर्बोदक गटाचे वजन सरासरी 4.7 किलो घटले, अल्पमेद गटाचे 2.9 किलो, पण या अल्पकर्बोदक गटाला मेद व प्रथिने शक्यतो वनस्पतीजन्य पदार्थांतून घेण्याचा सल्ला होता, हे सांगायचे सहसा राहून जाते. अमेरिकेतील 15,428 प्रौढांच्या 2018 मधील निरीक्षणात कर्बोदकांच्या जागी प्राणिजन्य पदार्थ आल्यास मृत्यूचा धोका अधिक, तर वनस्पतीजन्य पदार्थ आल्यास कमी आढळला. अशा निरीक्षणांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि या आहाराने हृदयविकाराचे झटके टळतात हे दाखवणारी मोठी, दीर्घकालीन चाचणी झालेली नाही.

महाराष्ट्रात पोळी सोडून भाकरी खाणे म्हणजे कर्बोदके कमी करणे असा समज रूढ आहे. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. उपवासाचा साबुदाणा तर बव्हंशी निव्वळ पिष्टच. त्यामुळे फरक पडतो तो दोन भाकऱ्यांची एक करून सोबत मटकीची उसळ, पालेभाजी, दही किंवा मासे वाढवल्याने. डाळी-उसळींतही कर्बोदके असतात, म्हणून शाकाहारी माणसाला कीटोपेक्षा मध्यम कपातच झेपते.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा आहाराने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-2 गटातील गोळ्यांसोबत कीटो आहार घेतल्यास रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही कधी कमी करावी लागते. म्हणून औषधांचा फेरविचार आहार बदलण्याआधीच डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो, आणि लिपिड तपासणी (रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइडची) आधी एकदा व दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करणे इष्ट असते.