फ्लॉवर गॅसवर विसरला तरी चालतो, ब्रोकोली नाही

पहिल्यांदा ब्रोकोली घरी आणली तेव्हा मी तिची फ्लॉवर-बटाट्यासारखी रस्साभाजी केली. कांदा-खोबऱ्याचं वाटण, टोमॅटो, गोडा मसाला आणि कुकरच्या दोन शिट्ट्या. झाकण उघडलं तर उकडलेल्या अंड्यांचा वास, रश्शात शेवाळी रंगाचा गाळ आणि शाबूत फक्त बटाटा. घरात कोणी काही बोललं नाही, पण त्या रात्री लोणच्याची बरणी बरीच खाली गेली.

भाजी काही वाईट नव्हती. फ्लॉवरसारखी दिसते म्हणून मी तिला फ्लॉवरसारखं शिजवलं, एवढंच.

नातं मात्र खरं आहे. फ्लॉवर, ब्रोकोली, कोबी आणि नवलकोल हे सगळे एकाच वनस्पतीचे, ब्रासिका ओलेरेसियाचे प्रकार. कुठे पानं वाढवली, कुठे खोड फुगवलं, कुठे फुलोरा. फ्लॉवर आणि ब्रोकोलीत आपण फुलोराच खातो, पण वेगवेगळ्या टप्प्यावरचा. फ्लॉवरचा पांढरा गड्डा म्हणजे धड कळीसुद्धा न झालेल्या कोंबांचा घट्ट गोळा. भोवतीची पानं त्याला झाकून ठेवतात, ऊन लागत नाही, म्हणून तो पांढरा राहतो. ब्रोकोलीच्या तुऱ्यावरचे बारीक हिरवे दाणे मात्र पूर्ण तयार झालेल्या कळ्या असतात. गड्डा दोन-तीन दिवस ओट्यावर राहिला तर त्या पिवळ्या पडायला लागतात आणि एखादं फूलही उमलतं, अगदी मोहरीच्या फुलासारखं. मोहरी याच घराण्यातली.

या एका फरकातून स्वयंपाकघरातले बाकीचे फरक येतात. फ्लॉवरचा तुरा भरीव असतो. मसाल्यात दहा-पंधरा मिनिटं शिजला तरी आकार धरतो आणि चव आत घेतो. शिवाय आपली त्याच्याशी जुनी ओळख आहे. फ्लॉवरचं बी १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं गेलं, तेव्हापासून दोनशे वर्षं आपल्या फोडण्या त्याच्यावर घासूनपुसून झाल्यात. ब्रोकोली मंडईत दिसायला लागली ती आत्ता-आत्ता. तिचे दांडे फ्लॉवरसारखे असले तरी वरच्या कळ्या पानांइतक्या नाजूक. म्हणून वेळेच्या बाबतीत तिला पालेभाजी समजावं. पालक आपण कुकरला लावून विसरत नाही, तसंच.

किती शिजवायची हे घड्याळापेक्षा रंग बरोबर सांगतो. उकळत्या खारट पाण्यात तुरे टाकले की मिनिटाभरात ते कच्च्यापेक्षाही हिरवेगार दिसतात, कारण पेशींमधली हवा निघून जाते. काढायची वेळ हीच, फार तर अजून अर्धं मिनिट. पुढे शिजत राहिली तर भाजीतलंच आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर ढकलतं आणि रंग मळका, शेवाळी होतो. पाच-सात मिनिटांपुढे गंधकाचा वासही चढत जातो. तो फ्लॉवरलाही येतो, पण तिथे आलं-लसूण आणि गरम मसाला सांभाळून घेतात.

यातूनच लिंबाची गंमत होते. फ्लॉवर उकडताना पाण्यात लिंबू पिळलं तर तो पांढराशुभ्र राहतो. पाणी जड असेल तर नुसता उकडलेला फ्लॉवर पिवळट दिसतो आणि लिंबू ते थांबवतं. ब्रोकोलीच्या पाण्यात तेच लिंबू पिळलं तर हिरवा रंग गेलाच. टोमॅटो, चिंच, आमसूल, दही, सगळ्यांचं तेच. आंबट हवंच असेल तर ताटात वाढल्यावर पिळा. आणि हळद? फ्लॉवरला हळदीशिवाय शोभा नाही, ब्रोकोलीला मी घालत नाही. हिरव्यावर हळद बसली की भाजी कालची वाटते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होणारा प्रकार लोखंडी कढईतला. पाव किलो ब्रोकोलीचे लहान तुरे करायचे, धुवायचे आणि मग खरंच कोरडे करायचे. कळ्यांमध्ये पाणी अडकून बसतं, त्यामुळे तुरे उलटे धरून झटकायचे आणि पंचावर दहा मिनिटं पसरायचे. ही पायरी गाळली तर भाजी परतली जात नाही, नुसती वाफवते. कढईत दोन चमचे तेल, त्यात सहा-सात लसूण पाकळ्यांचे काप. काप सोनेरी झाले की झाऱ्यानं बाजूला काढा, नाहीतर पुढच्या आचेवर ते जळून कडू होतात. आता मोठ्या आचेवर तुरे एका थरात टाका आणि दोन मिनिटं हात बांधून उभे राहा. मराठी हाताला हे जड जातं, सारखं ढवळावंसं वाटतं. पण न हलवल्यामुळेच खालची बाजू खरपूस, तपकिरी होते. मग एकदा उलटा, मीठ आणि दोन चमचे पाणी टाका, मिनिटभर झाकण ठेवा, काढा. वर लसूण आणि थोडं दाण्याचं कूट. दांडा दाताखाली किंचित करकरला पाहिजे.

पीठ पेरूनही छान होते. फक्त बेसन आधी वेगळं, खमंग भाजून घ्यायचं आणि शेवटी भुरभुरायचं. कच्चं पीठ घालून दणदणीत वाफ काढायची तर ते फ्लॉवरला किंवा सिमला मिरचीला ठीक. रस्सा करायचाच असेल तर रस्सा वेगळा उकळू द्या आणि तुरे शेवटच्या दोन मिनिटांत सोडा. कळ्या स्पंजासारखा रस्सा धरतात, घास रसाळ लागतो.

पोषणात ब्रोकोली पुढे आहे, पण फ्लॉवरही काही टाकाऊ नाही. कच्च्या १०० ग्रॅम ब्रोकोलीत साधारण ९० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, फ्लॉवरमध्ये ५०च्या आसपास. तिच्यात रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्वही बरंच जास्त, त्यामुळे रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेणाऱ्यांनी एकदम रोज खायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तिची जास्त चर्चा होते ती तब्येतीला चांगल्या मानल्या जाणाऱ्या सल्फोराफेन या द्रव्यामुळे. ते आयतं नसतं. भाजी चिरल्यावर मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) ते तयार करतं, आणि शिजवल्यावर हे विकर मरतं. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी, मग गॅसवर चढवावी. ते जमलं नाही तर शिजलेल्या भाजीवर कच्च्या मोहरीची पूड घालावी, कारण मोहरीतही हेच विकर असतं. फोडणीतल्या तडतडलेल्या मोहरीचा इथे उपयोग नाही. पण आपल्याकडे मोहरी फेसून कोशिंबिरीत घालायची रीत आहेच. घट्ट दही, फेसलेली मोहरी, चिमूटभर साखर आणि मिनिटभर वाफवून गार केलेले तुरे. नाकात झणझणतं, पण पुन्हा वाढून घेतलं जातं. दही अर्थात पानं वाढताना कालवायचं.

दांडा टाकू नका. फ्लॉवरचा दांडा कधी कधी लाकडासारखा निघतो, ब्रोकोलीचा वरची जाड साल सोलली की आत थेट नवलकोलाची चव असते. किसून, दाण्याचं कूट, मिरची, लिंबू आणि तुपाची जिऱ्याची फोडणी.

घेताना कळ्या घट्ट आणि गर्द हिरव्या बघा. पिवळी झाक असेल तर भाव कितीही उतरलेला असो, सोडा. फ्लॉवरमधली हिरवी अळी पांढऱ्यावर चटकन दिसते, ब्रोकोलीत ती रंगात रंग मिसळून बसते आणि मावा ही बारीक कीड तर कळ्यांच्या खालीच. कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उलटी बुडवून ठेवावी. फ्लॉवर फ्रिजमध्ये आठवडा काढतो, ब्रोकोलीचे तीन-चार दिवस. केळी आणि टोमॅटोजवळ ठेवली तर तेवढेही नाहीत, पिकणाऱ्या फळांतला इथिलीन वायू तिला पिवळी करतो.

डब्याला मी अजूनही फ्लॉवरच देते. गरम ब्रोकोली झाकणाखाली शिजतच राहते आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यावर शेजारचा विचारतो, आज अंडी का? द्यायचीच असेल तर ताटलीत पसरून पूर्ण गार करायची, मगच झाकण लावायचं.