वैद्यकीय मिशन पथक, आपत्तिग्रस्त भागातील

वैद्यकीय मिशन पथक : भूकंप, पूर, चक्रीवादळ किंवा त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या परदेशातील वस्तीत चर्चने वा चर्चशी संलग्न संस्थेने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेला डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते व स्वयंसेवक यांचा गट. मिशन रुग्णालय एका जागी पिढ्यान्‌पिढ्या टिकून असते. पथकाला परतीची तारीख असते. ढिगाऱ्यातून माणसे काढण्याचे पहिले दोन-तीन दिवस शेजारी-पाजारी, स्थानिक दवाखाने व लष्कर यांचेच असतात. चर्चचे पथक बहुधा दुसऱ्या आठवड्यात पोहोचते. तोवर हाडे मोडलेल्यांची सोय कुठे ना कुठे झालेली असते. समोर येतात ते चिघळलेल्या जखमा, जुलाब, खोकला-ताप, आणि बीपी-मधुमेहाच्या गोळ्या घराबरोबर गाडल्या गेलेली वयस्क माणसे. पथकाची सगळी तयारी या वस्तुस्थितीवर बेतलेली असावी लागते. पुढील व्यावहारिक सूचना सोलापूरच्या मंडळ्यांतून (स्थानिक ख्रिस्ती उपासक-समाजांतून) मुख्यतः नेपाळला जाणारे पथक डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत.

इतिहास : वैद्यकीय मिशनकार्याचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी मतभेद आहेत. मिशनरी विल्यम कॅरी यांच्याबरोबर १७९३ मध्ये बंगालमध्ये आलेले जॉन टॉमस हे शल्यविशारद होते, म्हणून ब्रिटिश परंपरेत त्यांचे नाव पुढे केले जाते. अमेरिकन लेखक सामान्यतः जॉन स्कडर यांना पहिले वैद्यकीय मिशनरी मानतात. ते १८१९ मध्ये श्रीलंकेत (तत्कालीन सिलोन) पोहोचले. तिसरा पक्ष पीटर पार्कर यांचा. त्यांनी १८३५ मध्ये चीनमधील कँटन येथे नेत्ररुग्णालय काढले व १८३८ मध्ये तेथेच वैद्यकीय मिशनरी संस्था स्थापन झाली. एडिंबरोची अशीच संस्था १८४१ ची.

या वादात गॉर्डन हॉल यांचे नाव मागे पडते, ते योग्य वाटत नाही. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या हॉल यांनी निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला होता. मार्च १८२६ मध्ये नाशिक भागाच्या दौऱ्यात पटकीची (कॉलऱ्याची) साथ दिसताच त्यांनी जवळची औषधे रुग्णांना वाटली आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ते पदवीधर डॉक्टर नव्हते, म्हणून ‘पहिले वैद्यकीय मिशनरी’ ही पदवी त्यांना देणे कठीण आहे. मात्र साथीच्या गावात औषधे घेऊन अल्पकाळ जाणे हाच निकष लावला, तर प्रस्तुत नोंदीतील प्रथेशी त्यांचे काम पार्कर यांच्या रुग्णालयापेक्षा अधिक जवळचे ठरते. मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय ही दुसरी, स्थायी परंपरा होय.

सोलापूर : अमेरिकन मराठी मिशनचे सोलापूर ठाणे साधारणपणे १८६० च्या दशकातील. १८७६–७८ च्या दुष्काळाची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. पुढे १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत अमेरिकेतून आलेली मदत या मिशनमार्फत वाटली गेली. म्हणजे या शहराने परदेशी मिशनची मदत आधी घेतली आहे, आणि ती घेणाऱ्याच्या जागी उभे राहिल्याची ही आठवण येथील मंडळ्यांनी जपावी इतकी मोलाची आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ८० किमी. जखमींचा मोठा ओघ सोलापूरच्या रुग्णालयांकडे आला. परदेशी जाणाऱ्या पथकाला हवे असलेले बरेचसे व्यावहारिक ज्ञान त्या अनुभवात आहे. बाहेरून आलेली मदत रस्त्यालगतच्या गावांत साचते आणि आतली गावे कोरडी राहतात, हे त्यांपैकी पहिले.

सोलापुरात हा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांचे नाव ओघाने येतेच. सप्टेंबर १९३८ मध्ये चीनला निघालेले पाच डॉक्टरांचे पथक भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठवले होते. त्याचा चर्चशी संबंध नव्हता आणि आपत्ती युद्धाची होती. तरीही तुलना उपयोगी आहे. कोटणीस मुदत संपल्यावर परतले नाहीत, चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले व तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. अल्पमुदतीच्या पथकाला भाषा आणि मुक्काम या दोन्ही गोष्टी नसतात. त्यांची भरपाई स्थानिक दवाखान्याशी जोडून घेऊनच करावी लागते.

मुदत व रचना : जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांचे तीन वर्ग ठरवले. फिरत्या बाह्यरुग्ण पथकाने रोज किमान ५० रुग्ण तपासावेत, स्थिर पथकाने १००, आणि दोघांनीही किमान दोन आठवडे थांबावे, असा पहिल्या वर्गाचा निकष आहे. शस्त्रक्रियेची सोय दुसऱ्या वर्गापासून सुरू होते व तेथे किमान २० खाटा लागतात. रजा काढून आलेल्या डॉक्टरांचे सात-आठ दिवसांचे पथक पहिल्या निकषातही बसत नाही. एका मंडळीने दोन तुकड्या पाठोपाठ पाठवणे, व मधले दोन दिवस दोन्ही एकत्र ठेवणे, हा त्यावरचा चांगला उपाय. आठ जणांची तुकडी आटोपशीर ठरते : दोन डॉक्टर, तीन परिचारिका, एक औषधनिर्माता आणि नोंदणी व पाणी सांभाळणारे दोन सहायक. पाळक सोबत असल्यास त्यांनाही यांपैकी एक काम नेमून द्यावे.

परवानगी : भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण भारतातील वैद्यकीय नोंदणी तेथे आपोआप चालत नाही. नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी व जिल्हा आरोग्य कार्यालयाचे पत्र आधी हवे. श्रीलंकेतही असाच नियम आहे. खर्चाच्या बाजूला एक अडचण हमखास दुर्लक्षित राहते. आयकर कायद्यानुसार धर्मादाय न्यासाने भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला करमाफी हवी असेल, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. मंडळीच्या खात्यातून थेट विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे. वेदनाशामकांपैकी ट्रामाडॉल २०१८ पासून भारतात मनोप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येते. ते सामानात टाकून सीमा ओलांडू नये.

औषधे : १९८८ च्या आर्मेनिया भूकंपानंतर किमान ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य येऊन पडले. त्यांची वर्गवारी करायला ५० माणसांना सहा महिने लागले, आणि जेमतेम तिसरा हिस्सा सहज ओळखता येण्याजोगा होता. अशाच अनुभवांतून १९९६ मध्ये औषधदानाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावर मूळ (जेनेरिक) नाव असावे, आणि औषध त्या देशाच्या आवश्यक यादीतले असावे, हा त्यांचा गाभा. दवाखान्यांतून जमवलेली ‘फिजिशियन सॅम्पल’ची (कंपन्यांनी डॉक्टरांना फुकट दिलेल्या नमुन्यांची) खोकी या तिन्ही कसोट्यांवर नापास होतात, ती चांगल्या भावनेने दिलेली असली तरी स्वीकारू नयेत.

दिवसाला ६० रुग्ण व दहा दिवस असा ६०० रुग्णांचा हिशेब धरून मोजक्याच औषधांचा भरपूर साठा न्यावा : पॅरासिटामॉल, ॲमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, सॅलब्युटामॉल, खरजेचे मलम, कृमीच्या गोळ्या. जुलाबाच्या मुलाला झिंक रोज २० मिग्रॅ. (सहा महिन्यांखालील बाळास १० मिग्रॅ.) १० ते १४ दिवस द्यायचे असते. पूर्ण पट्टी हातात न देता चार गोळ्या दिल्या, तर तो उपचार होत नाही. इन्सुलिन व धनुर्वाताची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. सोलापुरातून एप्रिल-मेमध्ये निघताना पारा चाळिशी ओलांडतो, आणि ही थंडाव्याची साखळी तुटते ती बहुधा नेपाळात नव्हे, इथेच, स्टेशनवर गाडीची वाट पाहताना. आइसपॅक आदल्या रात्री गोठवून, निघताना त्यांवर घाम येईपर्यंत बाहेर ठेवून मगच डब्यात भरावेत. थेट फ्रीझरमधून घातले तर लस गोठून निकामी होते. सोलापुरी चादरी देण्याचा आग्रह मंडळीत नेहमी होतो. डोंगराळ पावसात जाड सुती कापड भिजून जड होते व दिवसेंदिवस वाळत नाही; त्याऐवजी लोकरी वा कृत्रिम धाग्याची पांघरुणे सीमेपलीकडेच घ्यावीत.

जखमा : सहा तासांहून जुनी, मातीने माखलेली जखम शिवू नये, हा नियम आपत्तीत सर्वांत जास्त मोडला जातो. टाके घातलेली जखम नीटनेटकी दिसते, पण आत पू साठतो. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून, मेलेले मांस काढून, जखम उघडी ठेवून पट्टी बांधावी व तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ असल्यास बंद करावी. धनुर्वाताची लक्षणे दिसायला ३ ते २१ दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात आलेल्या पथकालाच ते रुग्ण भेटतात. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात शंभराहून अधिक नोंदले गेले. प्रत्येक जखमीच्या केसपेपरवर लसीची तारीख लिहावी. ज्याला आठवत नाही त्याला लस द्यावी.

पाणी : बाह्यरुग्णामागे रोज ५ लिटर व पथकातील माणशी १५ लिटर धरल्यास ६० रुग्ण व आठ जणांना ४२० लिटर, म्हणजे २० लिटरचे २१ जार लागतात. हा आकडा निघण्यापूर्वी कोणी मांडत नाही आणि दुसऱ्याच दिवशी हात धुणे बंद पडते. टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त) पावडर विमानात नेता येत नाही. ती तेथेच घ्यावी. ३३ टक्के क्लोरीनची ३३ ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवून एक टक्क्याचे द्रावण होते. स्वच्छ पाण्याच्या २० लिटर जारला ते ५ मिलि. घालून अर्ध्या तासाने तपासावे. उरलेला क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिग्रॅ. हवा, कमी भरल्यास मात्रा वाढवावी. पाणी गढूळ असल्यास आधी निवळून, गाळून घ्यावे. पथकाच्या शौचालयाकडेही तितकेच लक्ष हवे. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर पसरलेली पटकी बाहेरून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीतील सांडपाण्यातून नदीत गेली, असे बहुतेक संशोधक मानतात.

धर्मप्रसाराचा प्रश्न : रेड क्रॉसच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ठरलेल्या आचारसंहितेनुसार मदतीचा उपयोग धार्मिक मत पुढे करण्यासाठी करता येत नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने धर्मांतर घडवण्यास मनाई केली आहे व २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एकत्र प्रार्थना पथकाने आपल्या मुक्कामावर करावी. औषधाच्या पिशवीत पत्रक घालणे कायद्याने धोक्याचे आहेच; शिवाय रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नकार देण्याची मोकळीक नसते, म्हणून ते अनुचितही आहे.

हस्तांतरण : केसपेपर दोन प्रतींत लिहावा, एक रुग्णाजवळ, दुसरी स्थानिक आरोग्य चौकीत. नेपाळी देवनागरीतच लिहिली जात असल्याने मराठी परिचारिकेला नावे व गावे अचूक लिहिता येतात, ही मोठी सोय आहे. शेवटचे दोन दिवस नवे रुग्ण कमी घेऊन टाके काढायचे असलेले, पट्टी चालू असलेले, मोडलेल्या हाडाला बाहेरून सळ्या बसवलेले आणि नव्याने बीपीच्या गोळ्या सुरू केलेले, अशा चार याद्या कराव्यात व चौकीतील कर्मचाऱ्याबरोबर बसून नाव-नाव वाचाव्यात. उरलेली औषधे नाव, संख्या व मुदत लिहिलेल्या यादीसह जिल्हा आरोग्य कार्यालयाकडे सोपवून पोच घ्यावी. वापरलेल्या सुयांचे डबे मात्र गावात मागे ठेवू नयेत. जाळण्याची वा पुरण्याची सोय असलेल्या रुग्णालयात ते स्वतः पोहोचते करावेत.